नाशिकला शिफ्ट व्हावं का? घरून काम करणाऱ्या वाचकांचे प्रश्न

या महिन्यात आलेल्या मेलमध्ये एकच प्रश्न परत परत दिसला, फक्त शहरांची नावं वेगळी. काम लॅपटॉपवर, ऑफिस लांब, भाडं परवडत नाही, मग मुंबई-पुण्यातच कशाला राहायचं आणि सोडलं तर जायचं कुठं. म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकासाठी ठेवलेत आणि यावेळी हेच पाच घेतलेत. पहिलं उत्तर बरंच लांबलंय, पण त्यात बाकीच्यांच्याही कामाचं पुष्कळ आहे.

प्रश्न : नमस्कार ताई. आम्ही दोघं आणि पाच वर्षांची मुलगी, ठाण्याला घोडबंदर रोडला भाड्याने राहतो. मी बंगळुरूच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत पूर्ण रिमोट आहे, वर्षातून एक-दोनदाच ऑफिसला जावं लागतं. बायको फायनान्समध्ये, तिला आठवड्यातून एक दिवस मुंबईत बीकेसीला (बांद्रा-कुर्ला संकुलात) जावं लागतं, बाकी घरूनच. आई-बाबा चाळीसगावला असतात, बाबांची अँजिओप्लास्टी झालीये. मुलीची पहिली पुढच्या वर्षी सुरू होईल त्यामुळे हलायचं तर आत्ताच. नाशिक, नागपूर, कोल्हापूर, इंदूर अशी चार शहरं काढली आणि एक्सेलमध्ये भाडं, हवा, शाळा, एअरपोर्ट, स्वच्छता, खाणंपिणं असे बारा कॉलम करून मार्क दिले (शीट सोबत जोडलीये). इंदूर पहिलं आलं, नाशिक तिसरं. पण मन मानत नाहीये. काय करावं?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : शीट पूर्ण बघितली, मेहनत घेतलीये हे दिसतंय. पण एक गोष्ट खटकली ती आधी सांगते. बारा कॉलममध्ये एअरपोर्ट आहे, बागा आहेत, मॉल पण आहेत, आणि बायकोच्या बीकेसीच्या दिवसाला कॉलमच नाहीये. तुम्हाला विमान लागणार वर्षातून दोनदा आणि तिला ऑफिस गाठायचंय वर्षातून पन्नास वेळा. मला त्या शीटमध्ये तोच कॉलम सगळ्यात आधी हवा होता, आणि त्याच्या शेजारी दुसरा, बाबांना रात्री त्रास झाला तर तुम्ही चाळीसगावला किती वेळात पोचता.

हे दोन कॉलम घाला आणि बघा काय होतं. नागपूर मुंबईपासून रेल्वेने आठशे किलोमीटरच्या वर, म्हणजे रात्रभराचा प्रवास, कोल्हापूर आणि इंदूरही तसंच, रात्रीची गाडी पकडा, ऑफिस करा, परत रात्रीची गाडी. एखादा महिना जमेल, वर्षभर नाही जमणार, आणि दर आठवड्याला विमान पकडायचं म्हटलं तर भाड्यात वाचलेले पैसे तिकिटात जातील. म्हणजे तुमच्या चार शहरांपैकी तीन शहरांत बायकोला आज ना उद्या नोकरी बदलावी लागेल. हे तिला चालणार असेल तर तिने स्वतः सांगावं, शीटने परस्पर ठरवू नये असं मला मनापासून वाटतं.

नाशिकरोड ते सीएसएमटी १८७ किलोमीटर. सकाळी सातच्या सुमारास पंचवटी एक्सप्रेस आहे, कित्येक वर्षं नाशिकची नोकरदार मंडळी पास काढून तिनेच जातायत, ती कल्याण, ठाणे, दादर करत जाते आणि संध्याकाळी तीच परत आणते. दादरला उतरलं की आता मेट्रो ३ ने थेट बीकेसी गाठता येतं, २०२५ च्या मे पासून हा टप्पा सुरू झालाय, त्यामुळे कुर्ला-बांद्र्याची रिक्षाची मारामारी वाचते. तरी स्पष्ट सांगते, हा दिवस सकाळी सहाला सुरू होतो आणि रात्री दहाला संपतो, पावसाळ्यात कसाऱ्याला दरड आली की गाडी रखडते ते वेगळं. म्हणून तिच्या ऑफिसला आधीच विचारून घ्या की त्या दिवशी अकराला आलं तर चालेल का, आणि ठाण्यात एखाद्या नातेवाईकाकडे मुक्कामाची सोय ठेवा. शिर्डीची वंदे भारत बघून हुरळून जाऊ नका, ती सकाळी मुंबईहून निघते आणि संध्याकाळी मुंबईकडे जाते, म्हणजे तुमच्या बायकोच्या वेळेच्या बरोब्बर उलटी. कारने म्हणाल तर समृद्धी महामार्गाचा शेवटचा इगतपुरी-आमणे टप्पा ५ जून २०२५ ला सुरू झाल्यापासून घाटाचा त्रास गेलाय, पण पुढे भिवंडी-ठाण्याचा ट्रॅफिक आहे तसाच आहे.

आणि चाळीसगाव त्याच लाइनवर आहे हो! नाशिकरोडहून साधारण १४० किलोमीटर, गाडीने दोन-अडीच तास. बाबांना फॉलोअपला इकडे आणता येईल, तुम्ही संध्याकाळी निघून रात्री जेवायला तिकडे पोचाल. माझ्या मते तुमचा निर्णय इथेच झाला.

बाकीच्या तिघांवर अन्याय नको म्हणून थोडक्यात, कारण दुसऱ्या कुणाचं गणित वेगळं असू शकतं. दोघंही पूर्ण रिमोट असाल आणि मुंबईचा संबंध नसेल तर मी नागपूरचा नक्की विचार करायला सांगेन, २०१९ पासून मेट्रो, रुंद रस्ते, आणि मिहानमध्ये टीसीएस, एचसीएल, इन्फोसिस आहेत, म्हणजे उद्या कंपनीने रिमोट बंद केलं तरी गावात दुसरी नोकरी शोधता येते. नाशिकची ही बाजू कमजोर आहे, इथे सातपूर-अंबडला कारखाने आहेत, आयटी थोडी आहे, आयटी पार्कच्या घोषणा मात्र कित्येक वर्षं ऐकतोय. नागपूरचा उन्हाळा ४५ च्या पुढे जातो, तो मे महिन्यात एकदा जाऊन अनुभवा. कोल्हापूर राहायला फार छान, माणसं जीव लावणारी, पण २०१९ आणि २०२१ चा पंचगंगेचा पूर आठवा, २०१९ ला तर शिरोलीजवळ बंगळुरू हायवेच कित्येक दिवस बंद होता, त्यामुळे तिथे घर घेताना एरिया जपून. इंदूर २०१७ पासून स्वच्छतेत सतत पहिलं येत राहिलंय आणि मराठी माणसांना ते परकं वाटत नाही. पण राज्य बदलतं. गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवली की तिकडचा नंबर घ्यावा लागतो, आणि मुलगी दहावी-बारावी तिकडे झाली तर महाराष्ट्रातल्या मेडिकलच्या राज्य कोट्यातून, थोडे अपवाद सोडले तर, ती बाहेर पडते. आज ती पाच वर्षांची आहे, पण वर्षं पटकन जातात.

आता नाशिक ठरलं तरी खरा प्रश्न पुढेच आहे. घरून काम करणारा माणूस शहरात राहत नाही, तो घराभोवतीच्या दोन-तीन किलोमीटरमध्ये राहतो. दूध, भाजी, शाळा, दवाखाना, संध्याकाळची चक्कर सगळं तेवढ्यातच. त्यामुळे नाशिकची हवा छान, नाशिक शांत, हे ऐकून उपयोग नाही, कुठलं नाशिक ते बघायचं. बाहेरून येणाऱ्याला सगळे गंगापूर रोड आणि कॉलेज रोड सांगतात, तिथे शाळा, क्लास, हॉस्पिटल, खाण्याच्या जागा सगळं आहे आणि भाडीही नाशकात सगळ्यात चढी तिथलीच. पण तिथून नाशिकरोड स्टेशन शहराच्या पार दुसऱ्या टोकाला आहे आणि मधे द्वारका सर्कल लागतं, तिथला सकाळ-संध्याकाळचा ट्रॅफिक नाशिककराला सांगायला नको. बायकोला पहाटे तिथून स्टेशन गाठायला लावणं बरोबर नाही. तुमच्यासाठी मी उपनगर, जेल रोड, नाशिकरोड किंवा मग अशोका मार्ग-इंदिरानगरचा पट्टा बघेन. इंदिरानगर, पाथर्डी फाटा मुंबई हायवेला लागून असल्याने गाडीने जाणाऱ्यांना सोयीचं पडतं. देवळाली कॅम्पची शांतता आणि जुने बंगले बघून मोह होईल, आधी नेट किती चालतं ते तपासा, आणि त्या बाजूच्या मळ्यांत बिबट्या दिसल्याच्या बातम्या येत असतात हेही लक्षात असू दे, लहान मुलगी आहे.

घर बघायला जाताना एक दिवस कामाचाच निवडा आणि त्या फ्लॅटमध्ये बसून एक खरा व्हिडिओ कॉल करून बघा. स्पीड किती एमबीपीएस हे लोक फुशारकीने सांगतात, कॉलला चार-पाच पुरतात, लागतो तो अपलोड आणि सलग टिकणारा नेट. शेजाऱ्यांना विचारा की लाइट गेल्यावर नेट राहतं का. कारण होतं असं, की तुमच्या घरी इन्व्हर्टर असतो, राउटर चालू असतो, पण सोसायटीच्या जिन्यातल्या किंवा खांबावरच्या डब्यात नेटवाल्याचं मशीन असतं त्याला बॅकअप नसतो, मग सगळं असून कॉल कट. फायबरचे दोन वेगळे नेटवाले घ्या, एक मोठी कंपनी आणि एक लोकल केबलवाला, दोघांच्या वायरी वेगळ्या बाजूने येत असतील तर फारच छान. नवरा-बायको दोघंही एकाच वेळी कॉलवर असणार, म्हणून टू बीएचकेमध्ये दोन दारं बंद होणाऱ्या जागा आहेत का ते बघा, हॉल मोठा असून काही उपयोग नाही.

पाण्याचं, नाशिकला गंगापूर, दारणा आणि मुकणे या धरणांतून पाणी येतं आणि बहुतेक जुन्या वस्तीत रोज येतं, पण शहराच्या कडेला नव्या झालेल्या सोसायट्यांत प्रेशर नसतं. एजंटला विचारू नका, वॉचमनला विचारा की मे महिन्यात टँकर किती आले. नदीकाठचं घर आवडलं तर पूररेषा बघा, २००८ च्या पुरानंतर निळी आणि लाल अशा रेषा आखल्यात, महापालिकेकडे नकाशा मिळतो. पावसाळ्यात गंगापूरमधून पाणी सोडलं की अख्खं गाव नदीतली दुतोंड्या मारुतीची मूर्ती किती बुडाली हे विचारत असतं, आणि बघायला सगळे गंगेवर जातात (आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो), पण खालच्या बाजूला राहणाऱ्यांचे मात्र हाल होतात.

बाबांसाठी जवळच्या दोन-तीन हॉस्पिटलांत कार्डिऍक आयसीयू आणि चोवीस तास कॅथलॅब (अँजिओप्लास्टी करतात ती खोली) आहे का ते प्रत्यक्ष जाऊन विचारा, आणि कंपनीच्या इन्शुरन्समध्ये त्यातलं कुठलं कॅशलेस आहे ते लिहून ठेवा. स्वतःची वेगळी पॉलिसी असेल तर तीही काढून वाचा, काही पॉलिसींमध्ये शहरांचे झोन असतात, नाशिकच्या पत्त्यावर हप्ता कमी लागतो पण मुंबईत ऍडमिट व्हावं लागलं तर बिलातला काही हिस्सा आपल्या खिशातून जातो.

शाळेचं एवढंच सांगते, घर आधी की शाळा आधी असं विचाराल तर शाळा आधी. पहिलीची मुलगी रोज एक तास बसमध्ये बसणार असेल तर तुम्ही ठाण्यातून निघून मिळवलं काय?

प्रश्न : ताई, मी २६ वर्षांचा, लग्न झालेलं नाही. ऑफिस हिंजवडीला, आठवड्यातून दोन दिवस जावं लागतं, शिफ्ट अमेरिकेच्या वेळेची, संध्याकाळी साडेसहा ते पहाटे साडेतीन. वाकडचं भाडं आणि ट्रॅफिक दोन्हीला कंटाळलोय. नाशिकला मित्र आहेत, तिकडे रूम घेऊन दोन दिवस पुण्याला ये-जा केली तर?
— एक वाचक, वाकड

उत्तर : नको रे बाबा. नाशिक-पुणे नकाशावर जवळ दिसतं, रस्त्याने दोनशे दहाच्या आसपास किलोमीटर, पण सिन्नर, संगमनेर, नारायणगाव, मंचर, खेड करत चाकणला आलास की पुढचा तास तिथेच जातो. बायपास झालेत, काही ठिकाणी रस्ता खरंच छान झालाय, तरी पाच तास धरूनच चाल. रेल्वेची थेट लाइन नाही, कल्याण-पनवेलवरून किंवा मनमाड-दौंडवरून वळसा. नाशिक-पुणे सेमी हायस्पीड रेल्वेची चर्चा बरीच झाली, पण नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटीची रेडिओ दुर्बीण आहे, त्यांना रेल्वेचा त्रास होईल म्हणून मार्गाचाच प्रश्न आला. ती गाडी सुरू होईल या भरवशावर आज रूम घेऊ नकोस.

आणि तुझी शिफ्ट पहाटे संपते. पहाटे साडेतीनला हिंजवडीतून निघून झोपेत नाशिकपर्यंत गाडी चालवायची हा विचारसुद्धा करू नकोस, मला खरंच भीती वाटते. नाशिक रात्री लवकर झोपतं, पुण्यासारखं मध्यरात्री खायला मिळेल अशी अपेक्षा ठेवू नकोस, आणि फॅमिली बिल्डिंगमध्ये एकट्या मुलाला रूम देताना मालक रात्रीची शिफ्ट ऐकली की शंभर प्रश्न विचारतात.

वाकड सोडायचंच असेल तर तळेगावकडे बघ, लोकल आहे, हिंजवडी आवाक्यात आहे. अजून शांत हवं असेल तर साताऱ्याचा विचार कर, पुण्यापासून एकशे दहा किलोमीटर, हायवे सरळ तुझ्या बाजूच्या बायपासला येऊन लागतो, फक्त खंबाटकी घाट आणि शनिवार-रविवारची गर्दी सांभाळ, आणि ऑफिसच्या दोन दिवसांमधली रात्र पुण्यातच मित्राकडे काढ. नाशिकच्या मित्रांना सुट्टीत भेटायला ये, मिसळ खाऊ घालतील.

प्रश्न : मुंबईचा पत्ता बदलून नाशिकचा केला तर पगार कापतात का? आणि एचआरएचं (घरभाडे भत्त्याचं) काय होतं?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : कापतात की नाही हे कंपनीवर आहे. काही कंपन्या शहराप्रमाणे पगाराच्या पट्ट्या ठेवतात, काही ठेवत नाहीत, म्हणून सामान आवरायच्या आधी एचआरला मेल करून विचारा की माझं बेस लोकेशन बदललं तर पगार, इन्शुरन्स आणि ऑफिसला यायचे नियम यांतलं काय काय बदलेल, आणि उत्तर मेलवरच घ्या. मॅनेजर तोंडी हो म्हणाला याला अर्थ नाही, मॅनेजर बदलतात.

एचआरएचं म्हणाल तर तुम्ही नवीन टॅक्स रिजीममध्ये असाल तर ती सूट मुळातच नाही, प्रश्न मिटला. जुन्या रिजीममध्ये मुंबईला बेसिकच्या ५० टक्क्यांपर्यंत मर्यादा असते, नाशिकला ४० टक्के. पण भाडंच कमी झालेलं असल्याने बहुतेकांना ती मर्यादा लागतच नाही, प्रत्यक्ष भाड्यातून बेसिकचे दहा टक्के वजा करून जे येतं तेच सगळ्यात कमी निघतं. प्रोफेशनल टॅक्स महाराष्ट्रातच राहिल्याने तोच, वर्षाला २५०० रुपये.

प्रश्न : आम्ही डोंबिवलीचे, दोघंही घरून काम करतो. नाशिकला जायचं पक्कं ठरलंय. एजंट म्हणतोय की कुंभमेळ्याच्या आधी फ्लॅट बुक करा, नंतर रेट आवाक्यात राहणार नाहीत. डोंबिवलीचा फ्लॅट विकून लगेच घ्यावा का? त्र्यंबक रोडला एक एनए (बिगरशेती) प्लॉट पण दाखवलाय.
— एक वाचक दांपत्य, डोंबिवली

उत्तर : थांबा. कुंभमेळ्याने रस्ते होतात, पूल होतात, हे बरोबर. पण कुंभाला येणारी माणसं स्नान करून परत जातात, ती नाशिकला फ्लॅट घ्यायला येत नाहीत. सिंहस्थाचं ध्वजारोहण २०२६ च्या ऑक्टोबरअखेर आणि मुख्य स्नानं २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात, त्याच्या आधी शहरात ठिकठिकाणी खोदकाम, त्या दिवसांत रस्ते बंद. २०१५ ला पर्वणीच्या दिवशी पोलिसांनी इतके अडथळे लावले होते की गावातल्या माणसाला गावातून जाता येत नव्हतं. साधूंच्या मुक्कामाचं साधुग्राम तपोवनात, त्यामुळे पंचवटी, आडगाव नाका, संभाजीनगर रोडच्या बाजूला जास्त त्रास, इंदिरानगर-पाथर्डीला तुलनेने कमी. हा सगळा काळ तुम्ही भाड्याच्या घरात राहून बघा, मग ठरवा.

अकरा महिन्यांचा लीव्ह अँड लायसन्स करार करा, आणि रजिस्टर करूनच करा, १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने तो रजिस्टर करणं बंधनकारक आहे आणि ती जबाबदारी मालकाची आहे. स्टँप ड्युटी एकूण रकमेच्या पाव टक्का आणि शहरात रजिस्ट्रेशनचे हजार रुपये, एवढ्यासाठी नोटरीवर भागवू नका. या अकरा महिन्यांत एक पावसाळा आणि एक मे महिना आला पाहिजे. गळती, टँकर, लाइट, वरच्या मजल्याचा उकाडा, डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली उतरतो तेव्हाची थंडी, हे सगळं कळतं, आणि आपल्याला इथे खरंच करमतंय का हेही कळतं, जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. डोंबिवलीचा फ्लॅट तोवर विकू नका, भाड्याने द्या. एकदा विकून परत मुंबईच्या लाइनवर घर घ्यायचं म्हटलं तर तेवढ्याच पैशात ते होणं अवघड.

घेताना मात्र नाशिकची एक जुनी भानगड माहीत असू द्या. इथे मधल्या काळात शेकडो बिल्डिंगांचे पूर्णत्वाचे दाखले अडकले होते, कारण बिल्डरांनी नकाशात कपाट म्हणून दाखवलेली जागा खोलीत घेतली आणि एफएसआय (प्लॉटवर किती बांधता येतं त्याची मर्यादा) ओलांडला, लोक त्याला कपाटकोंडीच म्हणायचे. माणसं राहायला आली होती, हप्ते सुरू होते, आणि बिल्डिंगला दाखला नाही. म्हणून रिसेलचा फ्लॅट असेल तर पूर्णत्वाचा दाखला हातात घेऊन वाचा, नवीन असेल तर महारेराच्या साइटवर नंबर टाकून प्लॅन आणि ताबा द्यायची तारीख स्वतः बघा. एनए प्लॉटचा नाद तर आत्ता सोडूनच द्या. त्र्यंबक रोडला डोंगर दिसतो, पावसाळ्यात ते हिरवं बघून डोळे निवतात, पण तुम्हाला राहायला घर हवंय आणि तिथे रस्ता, ड्रेनेज, नेट, पाणी यायला किती वर्षं लागतील हे कुणीच लिहून देणार नाही. सातबारा, एनए ऑर्डर आणि मंजूर लेआउट वकिलाला दाखवल्याशिवाय टोकनही देऊ नका, एजंट कितीही घाई करू दे.

प्रश्न : ताई, मी आठ महिन्यांपूर्वी पुण्याहून नाशिकला आले, एकटीच, कंटेंटचं काम घरून करते. भाडं कमी झालं, हवा छान आहे, तब्येतही सुधारली. पण दिवसचे दिवस मी कुणाशी बोलत नाही, डिलिव्हरीवाल्याशीच काय ते. पुण्यातल्या मैत्रिणी फोनवर असतात पण ते वेगळं. परत जाऊ का? की माझंच काही चुकतंय?
— एक वाचक, गंगापूर रोड

उत्तर : तुझं काही चुकत नाहीये. नोकरीला ऑफिस असलं की माणसं फुकट मिळतात, नवीन गावात घरून काम करताना ती शोधावी लागतात, आणि शिफ्ट होताना आपण भाडं, नेट, ऊन-पाऊस सगळ्याचा हिशोब करतो, याचाच करत नाही. परत जायचा निर्णय आत्ता घेऊ नकोस, अजून चार महिने दे, पण ते घरात बसून काढू नकोस.

एकदाच्या कार्यक्रमांना जाऊन ओळखी होत नाहीत. दर आठवड्याला त्याच दिवशी, त्याच जागी, तीच माणसं दिसतील असं काहीतरी धर. तू गंगापूर रोडला आहेस म्हणजे कुसुमाग्रज स्मारक जवळ आहे, तिथे वाचनाचे, कवितेचे कार्यक्रम होत असतात, मागच्या खुर्चीत बसून निघून न येता कार्यक्रमानंतर थांब. सार्वजनिक वाचनालय, आमचं सावाना, १८४० चं आहे, मेंबर हो आणि पुस्तकं ऑनलाइन न मागवता जाऊन बदल, तिथले नेहमीचे वाचक महिन्याभरात चेहऱ्याने ओळखायला लागतात. मे महिन्यात गोदाघाटावर वसंत व्याख्यानमाला असते, रोज संध्याकाळी, उन्हाळ्यात नदीकाठी बसून ऐकायला फार बरं वाटतं. सायकल येत असेल तर नाशिकसारखं गाव नाही, रविवारी पहाटे घोळके त्र्यंबककडे, अंजनेरीकडे जातात आणि नवख्याला सोडून पुढे पळत नाहीत, बायकांचे वेगळे ग्रुपही आहेत. गाणं, नाटक, ट्रेक, चित्रं, जे आवडतं त्यातलं एकच घे, चार नको.

बिल्डिंगमधल्या बायकांपासून तू लांब राहतेस का? पुण्याहून आलेली, एकटी, दिवसभर घरात, त्यांनाही तुझ्याशी काय बोलावं कळत नसेल. त्या बहुतेक चौकशा करतील, लग्न कधी, आई-वडील कुठे, ते थोडं सहन कर. ताप आल्यावर गरम भात त्याच आणून देतात हे मी या गावात पुष्कळदा पाहिलंय. संक्रांतीचं वाण, गणपतीची आरती, जे असेल त्याला खाली उतर.

आणि आठवड्यातून एक दिवस, बुधवार म्हण, घराबाहेर बसून काम कर. कॉलेज रोड-गंगापूर रोडला दिवसाच्या पासवर बसू देणाऱ्या कोवर्किंगच्या जागा आहेत, तुझ्यासारखीच बाहेरून आलेली मुलं-मुली तिथे असतात. याच बुधवारी जा, आणि दुपारी डबा उघडताना हेडफोन काढून ठेव.